कामगाराचे लिंग आणि कामाचे व्याकरण

१

मराठी समीक्षेत कामगार साहित्य हे एक स्वतंत्र दालन म्हणून मान्यता पावले, त्याला आता अर्धशतकाहून अधिक काळ लोटला आहे. नारायण सुर्वे यांचा 'ऐसा गा मी ब्रह्म' १९६२ साली प्रसिद्ध झाला आणि गिरणी, चाळ, मोर्चा व संप यांना मराठी कवितेत स्वतःचा आवाज मिळाला. समलिंगी आणि पारलिंगी जीवनाचे चित्रण करणाऱ्या साहित्याचे दालन त्यामानाने अलीकडचे. विजय तेंडुलकरांचे 'मित्राची गोष्ट' १९८१ साली रंगभूमीवर आले, पण हे दालन खऱ्या अर्थाने उघडले ते या शतकाच्या पहिल्या दशकात. ही दोन दालने आजवर शेजारीशेजारी राहिली. त्यांच्यामध्ये दार पडले नाही. परिणामी जो माणूस एकाच वेळी कामगारही आहे आणि समलिंगी किंवा पारलिंगीही आहे, त्याला मराठी वाङ्मयविचारात जागा उरली नाही.

हा प्रश्न केवळ वर्गीकरणाचा असता तर त्याची चर्चा करण्याचे फारसे कारण नव्हते. परंतु महाराष्ट्रातील कामगार चळवळीची भाषा काही अंशी साहित्यानेच घडवली आहे. अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्या लाल बावटा कलापथकापासून सुर्व्यांच्या कवितेपर्यंत 'कामगार' या शब्दाला जो चेहरा मिळत गेला, तोच चेहरा संघटनेच्या मागणीपत्रकात आणि सभेच्या संबोधनात उमटला. तो चेहरा कोणाला वगळून तयार झाला हे तपासणे समीक्षेचे काम आहे. चळवळीने समलिंगी आणि पारलिंगी कामगारांची बाजू घ्यावी असे म्हणताना, ती आजवर का घेतली गेली नाही याचे एक उत्तर साहित्याच्या वाचनातही शोधावे लागते.

२

या शोधाला पुण्याच्या ईशान्येकडील विश्रांतवाडीचा संदर्भ उपयुक्त ठरतो. होळकर पुलापलीकडे खडकीचा, १८६९ साली स्थापन झालेला दारूगोळा कारखाना. अलीकडे आळंदी रस्ता, विमानतळाकडे जाणारा रस्ता, धानोरी-कळसच्या वाढत्या वसाहती. आषाढात ज्ञानेश्वरांची पालखी आळंदीहून पुण्याकडे याच वाटेने येते. या परिसराच्या जडणघडणीत संरक्षण कारखान्यांतील कामगार, बांधकामावरचे मजूर, घरकामगार स्त्रिया, सफाई कामगार आणि सुरक्षारक्षक यांचा वाटा मोठा आहे. संरक्षण कामगारांच्या अखिल भारतीय महासंघाचे नेतृत्व एस. एम. जोशी यांनी केले होते आणि जुलै १९६० मधील केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या संपाशी या नेतृत्वाचा निकटचा संबंध होता. म्हणजे संघटित कामगाराचा एक जुना वारसा या परिसराच्या उंबरठ्यावर आहे, आणि ज्याला कोणतीही संघटना नाही असा नवा कामगार त्याच रस्त्यावर रोज कामाला जातो.

या वस्तीचे नावच विश्रांतीवरून आले आहे, आणि महाराष्ट्रातील कामगार चळवळीची एक आद्य मागणी विश्रांतीचीच होती. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली बॉम्बे मिल हँड्स असोसिएशनची स्थापना केली आणि दीर्घ झगड्यानंतर १० जून १८९० पासून गिरणी कामगारांना रविवारची साप्ताहिक सुट्टी मिळाली. कामाच्या बदल्यात मजुरी मागणे हा एक भाग. पण आठवड्याचा एक दिवस मालकाचा नव्हे, कामगाराचा आहे हे ठरवून घेणे हा त्याहून मूलगामी भाग होता. या सुट्टीला लोखंड्यांच्या काळात खंडोबाच्या उपासनेची आणि समाजकार्याची जोड होती. पुढे मात्र विश्रांतीचा अर्थ हळूहळू 'घर' या एकाच शब्दात सामावला. कामगार दमून घरी जातो. तेथे बायको असते, मुले असतात. कामगाराचे हक्क मागताना त्याच्या 'बायकामुलां'चा उल्लेख करणे हे चळवळीच्या वक्तृत्वाचे अभिन्न अंग बनले.

ज्याच्या घराची व्याख्या या चित्रात बसत नाही, त्याची विश्रांती कोणत्या मागणीपत्रकात येते? भाड्याच्या खोलीत दोन पुरुष किंवा दोन स्त्रिया वर्षानुवर्षे एकत्र राहत असतील, तर जोडीदाराच्या आजारपणासाठी रजा मागताना अर्जावर नाते काय लिहावयाचे? पारलिंगी स्त्री सुरक्षारक्षकाचे काम करीत असेल, तर पाळी संपल्यावर तिने कपडे कोठे बदलावयाचे? हे प्रश्न खासगी नाहीत. कामाचे तास, रजा, निवारा आणि सुरक्षितता हेच त्यांचे विषय आहेत, आणि ते कामगार चळवळीचे सर्वांत जुने विषय आहेत.

३

कामगार साहित्यातील कुटुंबाचे चित्र मात्र दिसते तितके एकसाची नाही. गिरणगावातील कामगार दीर्घकाळ कुटुंबावाचून राहिला. कोकणातून आणि घाटावरून आलेले पुरुष एकेका गाळ्यात दहा-वीस जणांनी राहत, पाळीनुसार आलटून पालटून झोपत आणि खानावळवालीकडे जेवत. या खानावळवाल्या स्त्रियांची संघटना म्हणून १९७५ साली प्रेमा पुरव यांच्या पुढाकाराने अन्नपूर्णा महिला मंडळ उभे राहिले. म्हणजे ज्या जीवनातून कामगार साहित्य निर्माण झाले, त्याचे एकक पती-पत्नीचे कुटुंब नव्हते. तो पुरुषांचा सामायिक संसार होता. या संसारात आजाऱ्याची शुश्रूषा होती, उसनवारी होती, रुसवेफुगवे होते, मृताच्या गावी निरोप पोहोचवण्याची जबाबदारी होती.

या सामायिक जीवनात समलिंगी संबंध सर्वत्र होते, असा दावा येथे करावयाचा नाही. तसे करणे इतिहासावर आजची इच्छा लादणे ठरेल. मुद्दा वेगळा आहे. साहित्याने आणि त्याहून अधिक समीक्षेने या संसाराकडे केवळ एक अभाव म्हणून पाहिले. गाळा म्हणजे खऱ्या घराची प्रतीक्षा, पुरुषांचे साहचर्य म्हणजे वर्गबंधुत्व, आणि इच्छेला दोनच वाटा: गावाकडची बायको किंवा वस्तीतील वेश्या. यापलीकडचे काही संहितेत असले, तरी ते वाचण्याची परिभाषा समीक्षेजवळ नव्हती. जयंत पवार यांच्या 'अधांतर' (१९९७) या नाटकापर्यंत येताना कामगाराची कथा ही पूर्णतः कुटुंबाची कथा झालेली आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपाने गिरणी कामगाराचे जे झाले, ते येथे एका घराच्या विस्कटण्यातून कळते. नाटकाचे सामर्थ्य त्यातच आहे, पण त्याबरोबर एक गृहीतही पक्के होते: कामगारवर्गाची हानी मोजण्याचे माप म्हणजे कुटुंबाची हानी.

या गृहीताला सर्वांत मोठा छेद देणारा पुरावा खुद्द सुर्व्यांच्या चरित्रात आहे. रस्त्यावर टाकून दिलेले एक मूल गंगाराम सुर्वे या गिरणी कामगाराने उचलून घरी आणले, आणि त्या घराने त्या मुलाला आपले आडनाव दिले. मराठी कामगार कवितेचा अग्रणी ज्या नावाने ओळखला जातो, ते नाव रक्ताचे नाही. ते एका कामगाराने दिलेले नाव आहे. समीक्षेने ही घटना करुणेची म्हणून वारंवार सांगितली. तिच्यात नात्याचा जो वेगळा सिद्धान्त आहे, त्याकडे मात्र लक्ष गेले नाही. नाते जन्माने ठरत नाही, सांभाळण्याने ठरते, हा तो सिद्धान्त. 'निवडलेले कुटुंब' ही कल्पना परदेशी समलिंगी चळवळीतून आलेली आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी ती परळच्या चाळीत शोधावी.

४

दुसऱ्या दालनाची उणीव याच्या नेमकी उलट आहे. 'मित्राची गोष्ट' महाविद्यालयीन वातावरणात घडते. सचिन कुंडलकर यांच्या 'कोबाल्ट ब्लू'मध्ये (२००६) भाऊ आणि बहीण एकाच भाडेकरूवर प्रेम करतात आणि कादंबरीचा सारा ताण एका मध्यमवर्गीय घराच्या भिंतींत मावतो. चेतन दातार यांच्या 'एक माधवबाग'मध्ये आई मुलाची दैनंदिनी वाचते आणि तिला त्याचे समलिंगी असणे कळते. बिंदुमाधव खिरे यांनी २००२ मध्ये पुण्यात समपथिक ट्रस्टची स्थापना केली. 'पार्टनर' या कादंबरीसह त्यांचे लेखन या प्रश्नाला मराठीत सर्वसामान्य वाचकापर्यंत नेणारे ठरले. या सर्व कृतींचे ऐतिहासिक महत्त्व वादातीत आहे. त्यांनी मराठीत 'विकृती'च्या जागी 'व्यक्ती' आणली.

परंतु या दालनात काम जवळजवळ दिसत नाही. पात्रे शिकतात, प्रेम करतात, लपवतात, उघडी पडतात. मजुरी क्वचितच मागतात. इच्छा ही येथे अंतर्मनाची गोष्ट आहे आणि गुपित ही तिची भौतिक अट आहे. दैनंदिनी लिहिण्यास टेबल लागते, ती ठेवण्यास खण लागतो, आणि खणाला कुलूप घालण्याइतकी खोली स्वतःची असावी लागते. पाळीने झोपणाऱ्या माणसाजवळ असा खण नसतो. त्याचे गुपित वस्तीला, मुकादमाला आणि सोबत्यांना आधीच ठाऊक असते. त्याला भीती असते ती उघड होण्याची नव्हे, उघड असल्याबद्दल कामावरून कमी केले जाण्याची. 'उघड होणे' हा या साहित्याचा मध्यवर्ती प्रसंग वर्गनिरपेक्ष नाही, हे त्यामुळे लक्षात घ्यावे लागते.

कामगार संघटनांमधील अनेकांना हा प्रश्न 'सुखवस्तूंचा' वाटतो, याचे एक कारण येथे सापडते. त्यांनी जे वाचले आणि पाहिले त्यात समलिंगी माणूस कामगार नव्हता. ही त्यांची केवळ संकुचितता नाही. ती उपलब्ध संहितांवरून काढलेली अनुमाने आहेत. अनुमाने चुकीची आहेत, कारण संहिता अपुऱ्या आहेत. आणि ज्या पुरेशा आहेत त्या भलत्याच दालनात ठेवल्या गेल्या आहेत.

५

अशा दोन कादंबऱ्यांचा विचार येथे अपरिहार्य ठरतो. आनंद यादव यांची 'नटरंग' (१९७८) ही ग्रामीण साहित्यात गणली जाते, आणि राजन गवस यांची 'भंडारभोग' (१९८८) देवदासी-जोगत्या प्रथेवरील कादंबरी म्हणून. ही वर्गीकरणे चुकीची नाहीत, पण त्यांनी एक गोष्ट झाकली आहे. दोन्ही कादंबऱ्या कामाविषयी आहेत.

'नटरंग'मधील गुणा हा कष्टकरी, पैलवानी अंगाचा माणूस. तमाशाच्या फडाला नाच्या हवा असतो आणि कोणी मिळत नाही, म्हणून तो स्वतःच नाच्या होतो. ज्या शरीराने शेतात मजुरी केली, तेच शरीर आता बायकी हावभाव शिकते. हे शिकणे अत्यंत कष्टाचे आहे. ते कौशल्य आहे आणि त्यावर फड चालतो. गुणा समलिंगी नाही. तरीही घरात आणि गावात त्याच्या वाट्याला जी अवहेलना येते, ती 'बायल्या' ठरलेल्या पुरुषाची आहे. समीक्षेने या कादंबरीत कलावंताची शोकांतिका वाचली. ती आहेच, पण त्याबरोबर ती एका कामगाराची कथा आहे. कामाने त्याच्याकडून जे लिंगरूप मागितले, त्याच लिंगरूपासाठी समाज त्याला शिक्षा करतो. काम वापरून घ्यावयाचे आणि कामकऱ्याला पुरुषांतून बाद करावयाचे, हा व्यवहार शोषणाच्या कोणत्याही व्याख्येत बसतो.

'भंडारभोग'मधील जोगत्याची स्थिती याहून बिकट. देवीला सोडलेला पुरुष लुगडे नेसतो, जोगवा मागतो, आणि गावाच्या धार्मिक व्यवस्थेत एक ठरलेली सेवा बजावतो. ती सेवा गावाला हवी असते. तिला मजुरी म्हणण्याची मात्र तयारी नसते. कायदाही या बाबतीत गावाहून फारसा वेगळा नाही. १९५९ च्या मुंबई भिक्षा प्रतिबंधक कायद्याने सार्वजनिक ठिकाणी गाऊन, नाचून वा भविष्य सांगून पैसे घेणे भिक्षेच्याच व्याख्येत घातले. नाच्या, जोगता आणि चौकातील सिग्नलजवळ मंगती करणारी तृतीयपंथी व्यक्ती, हे तिघेही या व्याख्येच्या कडेवर उभे आहेत. त्यांचे श्रम दिसतात. त्यांना श्रम हे नाव मिळत नाही.

हे नाव मिळवण्याचे प्रयत्न महाराष्ट्रात झाले आहेत, आणि ते 'भंडारभोग'च्याच मुलखाजवळ. संग्राम या संस्थेच्या कार्यातून सांगलीत १९९६ साली वेश्या अन्याय मुक्ती परिषद आकाराला आली. पुढे पुरुष आणि पारलिंगी लैंगिक कामगारांचा 'मुस्कान' हा समूह उभा राहिला. या संघटनांनी पुनर्वसनाची याचना केली नाही; काम करणाऱ्याची प्रतिष्ठा मागितली. मराठीत समलिंगी-पारलिंगी कामगारांच्या संघटनेचे सर्वांत जवळचे उदाहरण हे आहे, आणि ते मुख्य प्रवाहातील कामगार महासंघांच्या बाहेर घडले, हे त्या महासंघांविषयी पुरेसे बोलके आहे.

६

आता भाषेचा विचार. मराठीत प्रथमपुरुषी बोलताना बहुतेक वेळा लिंग सांगावेच लागते. 'मी आलो' किंवा 'मी आले'; 'मी करतो' किंवा 'मी करते'. तिसरा पर्याय प्रमाण भाषा देत नाही. (कोल्हापूर-सांगलीकडे स्त्रियाही 'मी जातो' म्हणतात, ही गोष्ट प्रमाण व्याकरणाने बोलीचा विशेष म्हणून बाजूला ठेवली.) कारखान्याच्या फाटकावर हजेरी देणाऱ्या पारलिंगी कामगारापुढे त्यामुळे पहिल्याच वाक्यात अडचण उभी राहते. पण याच भाषेत भूतकाळी सकर्मक क्रियापद कर्त्याकडे पाहत नाही. 'मी काम केले', 'मी भाकरी भाजली', 'मी संप केला': येथे क्रियापदाचे रूप कामावरून, भाकरीवरून, संपावरून ठरते. बोलणारा पुरुष आहे की स्त्री, की दोहोंपैकी कोणीच नाही, हे वाक्य विचारत नाही. व्याकरण याला कर्मणी प्रयोग म्हणते.

व्याकरणावरून समाजशास्त्र काढण्याचा मोह टाळावयास हवा. तरीही हे उदाहरण कामगार चळवळीच्या मूळ तत्त्वावर प्रकाश टाकते. संघटना ज्याची बाजू घेते तो माणूस झालेल्या कामावरून ओळखला जातो. कर्त्याच्या जन्मावरून नव्हे. पुण्यात या तत्त्वाचा सर्वांत ठोस प्रयोग कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीने केला. १९९३ साली बाबा आढाव आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या पुढाकाराने ही संघटना उभी राहिली, तेव्हा कचरा वेचणे हे काम आहे असे कोणी मानत नव्हते. वेचणाऱ्या स्त्रियांवर चोरीचा संशय घेतला जाई. संघटनेने त्यांना ओळखपत्र दिले, त्यांच्या श्रमाचा शहराला होणारा लाभ मोजून दाखवला, आणि महानगरपालिकेला ते मान्य करावयास लावले. ओळखपत्रावर त्यांची ओळख कामाने लिहिली गेली.

याच्या शेजारी दुसरे एक ओळखपत्र ठेवून पाहावे. सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ रोजी नालसा खटल्यात पारलिंगी व्यक्तींना आपले लिंग स्वतः ठरवण्याचा अधिकार मान्य केला. त्यानंतर आलेल्या २०१९ च्या कायद्याने मात्र हे ठरवणे जिल्हा दंडाधिकाऱ्याच्या प्रमाणपत्राशी जोडले. एका ओळखपत्राने माणसाच्या श्रमाला नाव दिले, दुसऱ्याने त्याच्या शरीराला. दुसऱ्याची गरज नाही असे नव्हे. नाव आणि लिंग यांच्या नोंदीवाचून नोकरीही मिळत नाही. पण केवळ दुसरे ओळखपत्र हाती घेऊन कामावर गेलेला माणूस एकटाच असतो. पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेने २०२२ मध्ये आणि पुणे महानगरपालिकेने २०२३ मध्ये तृतीयपंथी व्यक्तींना सुरक्षेसारख्या कामांवर घेतले. हे पाऊल स्वागतार्ह होते. तथापि कंत्राटी पद्धतीने मिळालेले असे काम कंत्राट संपले की संपते, आणि तेव्हा उपयोगी पडते ती सहानुभूती नव्हे, संघटनेची पावती.

७

वर्गाच्या एकजुटीत असे प्रश्न आणल्याने फूट पडते, हा आक्षेप जुना आहे. त्याला सर्वांत समर्पक उत्तर इतिहासानेच दिले. ब्रिटनमधील खाणकामगारांच्या १९८४-८५ च्या संपात लंडनमधील समलिंगी स्त्री-पुरुषांच्या एका गटाने दक्षिण वेल्समधील खाणवस्तीसाठी निधी उभारला. संप हरला. पण १९८५ च्या लंडनमधील समलिंगी अभिमान मोर्चात खाणकामगार आपले फलक घेऊन चालले, आणि त्याच वर्षी मजूर पक्षाच्या परिषदेत समलिंगी हक्कांचा ठराव मंजूर झाला तेव्हा खाणकामगार संघटनेची मते त्याच्या बाजूने पडली. त्याआधी अवघ्या दोन वर्षांपूर्वी सुरू झालेला मुंबईचा संपही हरला होता. त्यातून मात्र अशी कोणतीही नवी मैत्री जन्माला आली नाही. तुलना करताना परिस्थितीतील फरक विसरता येत नाही. तरीही एकजूट ही आधीच तयार असलेली वस्तू नसते, ती नव्या माणसांबरोबर पुन्हा घडवावी लागते, एवढे त्यातून निश्चित दिसते.

महाराष्ट्रात ती कोठून घडवता येईल, हे सांगण्यासाठी एका साध्या रकान्याकडे पाहणे पुरेसे आहे. १९७२ च्या उपदान कायद्यानुसार, कुटुंब असलेल्या कामगाराला आपल्या मृत्यूनंतरची रक्कम कुटुंबाबाहेरील व्यक्तीच्या नावे करता येत नाही. तसे नामनिर्देशन रद्दबातल ठरते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून या कायद्याची जागा सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली, पण हे तत्त्व बदललेले नाही. ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी संबंधांना गुन्ह्याच्या कक्षेतून बाहेर काढले. १७ ऑक्टोबर २०२३ रोजी समलिंगी विवाहाला मान्यता देण्यास नकार दिला. म्हणजे तीस वर्षे सोबत राहिलेला जोडीदार कायद्याच्या दृष्टीने परका, आणि तीस वर्षे तोंड न पाहिलेला सख्खा वारस. हा विवाहाचा प्रश्न आहे, त्याहून अधिक तो कामगाराच्या कष्टाच्या पैशाचा प्रश्न आहे. ज्याने राबून ती रक्कम मिळवली, ती कोणाला मिळावी हे त्याने ठरवावे, ही मागणी कोणत्याही कामगार संघटनेला परकी वाटू नये.

सुर्व्यांच्या एका सुपरिचित कवितेत वेश्यावस्तीतील एक आई मुलाला शाळेत घालावयास येते. बापाच्या नावाच्या रकान्यापाशी अडचण येते, तेव्हा ती मास्तरांनाच त्यांचे नाव लिहावयास सांगते. ही कविता वाचताना आजवर लक्ष गेले ते आईच्या असहायतेकडे. पण ती असहाय नाही. ती रकाना कसा भरावयाचा याचा निर्णय देते आहे. ज्याच्या अंगाखांद्यावर हे मूल शिकणार, त्याचे नाव तेथे असावे, असा तो निर्णय आहे. मराठी कामगार कवितेने हा न्याय फार पूर्वी सांगून ठेवला. तो वाचला गेला नाही, कारण कामगार साहित्य वाचताना कुटुंबाची व्याख्या समीक्षेने बाहेरून आणली. ती व्याख्या बाजूला ठेवून ही दालने पुन्हा वाचली गेली, तर चळवळीला नवे तत्त्वज्ञान उसने घेण्याची गरज पडणार नाही. नामनिर्देशनाचा रकाना कामगाराच्या स्वेच्छेवर सोडावा, पाळी बदलताना प्रत्येकाला सुरक्षित जागा असावी, आणि कंत्राटावरील पारलिंगी कामगारांची सभासद नोंदणी व्हावी, या तीन मागण्या विश्रांतवाडीतील कोणत्याही युनियनच्या पुढील मागणीपत्रकात सहज मावण्याजोग्या आहेत.